हे पात्र इथे कशाला आलं आहे?

लंडनच्या स्लोन स्क्वेअर ट्यूब स्टेशनला अगदी खेटून रॉयल कोर्ट थिएटर उभं आहे. मंडळी, खरेदीला त्या बाजूला गेलात तर दोन मिनिटं थांबून ती इमारत जरूर बघा. १९५६ साली जॉर्ज डिव्हाईन यांच्या इंग्लिश स्टेज कंपनीने इथे बस्तान बसवलं आणि त्याच वर्षी ८ मे रोजी जॉन ऑस्बोर्नचं 'लुक बॅक इन अँगर' रंगमंचावर आलं. ते बहुतेकांना ठाऊक असतं. मला मात्र जास्त कुतूहल आहे ते तिथे १९५८ मध्ये सुरू झालेल्या लेखकांच्या गटाचं.

अर्नोल्ड वेस्कर, जॉन आर्डन, अॅन जेलिको, एडवर्ड बाँड आणि पुढे १९८६ मध्ये नोबेल मिळवणारे वोले सोयिंका, अशी ही तरुण मंडळी. आपल्याकडे चार लेखक जमले की काय होतं ते सांगायला नको. चहा येतो, चर्चा झडते, दोघं रुसतात. इथे विल्यम गॅस्किल आणि कीथ जॉनस्टन या दोन दिग्दर्शकांच्या हाताखाली वेगळीच पद्धत पडली. जे करून दाखवता येईल त्यावर चर्चा करायची नाही. प्रसंग सुचलाय ना? मग उठा, दोघं उभे राहा आणि करा. लेखकाला आपलं वाक्य तोंडात बसतं की नाही ते तिथल्या तिथे कळायचं. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला हे लगेच पटलं. डॉक्युमेंटवर आठवडाभर वाद घालण्यापेक्षा प्रोग्रॅम चालवून बघावा!

जॉनस्टन मूळचा बॅटरसीमधला शाळामास्तर. १९५८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर लंडनला आलं, तेव्हा त्याने त्यांचं 'चेरी ऑर्चर्ड' पाहिलं. ही स्टानिस्लाव्हस्कींची संस्था. या क्षणी या पात्राला काय हवं आहे, हा प्रश्न नटाला विचारायला त्यांनीच शिकवलं. जॉनस्टनला मात्र जाणवलं की इथे प्रत्येक जण प्रत्येक कृतीसाठी मोठ्यात मोठा हेतू धरून बसला आहे. खऱ्या आयुष्यात माणसं इतकी भव्य वागत नाहीत. त्याने आपल्या नटांना साधी सूचना दिली: समोरच्यापेक्षा किंचित वरचढ व्हा, किंवा किंचित खालचे. बस्स. आणि रटाळ संवाद एकदम जिवंत झाले. एक वर गेला की दुसरा खाली, सी-सॉसारखं. याचा हुद्द्याशी संबंध नाही. नोकरही मालकाला सहज खाली बसवू शकतो. १९७९ च्या 'इम्प्रो' या पुस्तकात त्याने हे सगळं मांडलं आहे.

वाचताना मला सारखं वाटत होतं की अरे, इंग्रजांना जे कसरत करून शिकावं लागतं ते आपल्या व्याकरणातच बसलेलं आहे! तू, तुम्ही, आपण, अहो, अगं. जावई सासऱ्यांना 'तुम्ही' म्हणतो, ठीक. पण भांडण झाल्यावर सख्खा भाऊ भावाला अचानक 'तुम्ही' म्हणायला लागला तर पुढचं पानभर वर्णन लिहायची गरजच नाही. आपल्या इथल्या मुलांच्या मराठीत सगळ्यांना 'तू' झालंय. त्यातली गंमत मला आवडते, पण गोष्ट लिहिताना हातातलं एक हत्यार गेलं, हेही खरं.

हे हत्यार चालताना बघायचं तर महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' वाचावं. १९८५ मध्ये विजया मेहतांनी ते बसवलं. विदर्भातला देशपांड्यांचा वाडा, वडील गेलेले, मुंबईहून सुधीर आणि अंजली आलेले. अंगणात ट्रॅक्टर बंद पडलेला. बोलणं चाललंय तेराव्याच्या जेवणाचं, म्हणजे गावाला किती घालायचं आणि पैसे कोण देणार. वाद खर्चाचा दिसतो, पण मोठा भाऊ भास्कर मान सांभाळतोय आणि धाकटा अंग काढून घेतोय. सुधीरच्या मुंबईच्या जागी आपलं हॅरो किंवा स्लाव घाला. दोन आठवड्यांची रजा, परतीचं तिकीट खिशात आणि समोर घराचे कागद. आपल्यापैकी किती जण त्या अंगणात उभे राहून आले असतील!

पुढची पायरी मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्क यांची. १९७४ मध्ये जॉइंट स्टॉक ही कंपनी काढणाऱ्यांपैकी ते एक. त्यांच्या तालमीत नटाने प्रत्येक वाक्याला एक क्रियापद लावायचं. हे वाक्य बोलून मी समोरच्याचं काय करतो? गोंजारतो, डिवचतो, टाळतो, हाकलतो? आमच्याकडे चार-पाच जण महिन्यातल्या एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमून आपापल्या गोष्टी वाचतो, तिथे हे करून बघितलं. 'चहा टाकू का?' एवढंच वाक्य. एकीने ते नवऱ्याला थांबवण्यासाठी म्हटलं, दुसरीने नणंदेला उठवण्यासाठी, एका काकांनी माफी मागण्यासाठी. काकांच्या वेळी खोली गप्प झाली. गोष्टीत मग 'तो अपराधी स्वरात म्हणाला' असं लिहायचं कारण उरत नाही. परदेशातल्या आपल्या कथांत 'आठवणींनी मन भरून आलं' हे वाक्य दर दोन पानांनी येतं. त्याला कोणतं क्रियापद लावणार? ते कोणाचं काहीच करत नाही.

पण दिग्दर्शकाचं सगळंच लेखकाने ऐकावं का? 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे 'रंगायन'चं १९६७ चं नाटक. हौशी मंडळी वेळ घालवायला खोटा खटला चालवतात आणि बघता बघता बेणारे बाईंचं खरं आयुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं. शेवटी बाईंचं लांबलचक स्वगत आहे. विजय तेंडुलकरांना ते लिहायचं नव्हतं. बाईंचं गप्प राहणंच त्यांना पुरेसं वाटत होतं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी आग्रह धरला, स्वगत लिहून झालं आणि सुलभा देशपांडे यांनी ते अजरामर केलं.

मला दोघंही बरोबर वाटतात. दूर बसलेल्या प्रेक्षकाला बाईंचा आवाज ऐकायचाच होता, हे देशपांड्यांनी ओळखलं. आणि तेंडुलकरांनी मागणी पुरी करूनही आपलं सोडलं नाही. स्वगत चालू असताना बाकीची पात्रं जागच्या जागी थिजलेली असतात. बाई सगळं बोलतात, आपण ऐकतो. कोर्टातलं कोणीही ऐकत नाही. त्यांच्या लेखी आरोपीने तोंडच उघडलेलं नाही, आणि न्यायाधीश काशीकर निकालाकडे वळतात.