नवऱ्याची पदवी, बायकोचा हिशोब

बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते तेव्हा आपण कारण लिहितो. शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, शिक्षण. शिक्षणाचं कर्ज कधी मुलासाठी असतं, कधी दिरासाठी, कधी नवऱ्यासाठी. शिकणारा शिकतो, हप्ता मात्र जिच्या नावावर कर्ज आहे ती भरते. आज अशाच एका हिशोबाचा इतिहास सांगते. तो घडला अमेरिकेत, पण ऐकताना तुम्हाला ओळखीचा वाटेल.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. लाखो सैनिक घरी परतणार, त्यांना काम कुठून द्यायचं, हा सरकारपुढे प्रश्न होता. 22 जून 1944 ला अमेरिकेत एक कायदा झाला. परतलेल्या सैनिकाला कॉलेजात जायचं असेल तर वर्षाला 500 डॉलरपर्यंत फी सरकार भरणार, शिवाय दरमहा भत्ता देणार. एकट्याला 50 डॉलर, कुटुंब असेल तर 75. पुढे ही रक्कम वाढत गेली. या कायद्यामुळे सुमारे 22 लाख माजी सैनिक कॉलेजात गेले. त्यातले कितीतरी जण व्यापार-व्यवस्थापन, म्हणजे आजचं एमबीए, शिकायला गेले.

तोवर कॉलेजचा विद्यार्थी म्हणजे वसतिगृहात राहणारा सडाफटिंग पोरगा. आता आले ते बायकापोरांसकट. त्यांना ठेवायचं कुठे? लष्कराने टाकून दिलेल्या बराकी, पत्र्याच्या अर्धगोल शेडी आणि चाकांवरची घरं आणून कॉलेजच्या आवारात मांडली. हार्वर्ड विद्यापीठाने तर विवाहित विद्यार्थ्यांची एक वस्ती 50 किलोमीटरहून लांब, लष्करी छावणीतल्या जुन्या दवाखान्याच्या इमारतींत वसवली. नवरे शिकायला शहरात जात. बायका लेकरांना घेऊन दिवसभर तिथे.

या घरांत भिंती पातळ, जागा थोडी. एका घरातलं मूल रडलं की शेजारचा अभ्यास थांबे. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये धडे पाठ करायचे नसत. एखाद्या कारखान्याची खरी अडचण वाचायची, तुम्ही मालक असता तर काय केलं असतं ते ठरवायचं आणि वर्गात मांडायचं. म्हणून रात्री उशिरापर्यंत वाचन. लेखी अहवाल टाइप करून द्यावा लागे, आणि टाइपरायटरवर पुष्कळदा बायको बसे. भत्त्यात महिना भागत नसे. मग कुणी कचेरीत टायपिस्ट, कुणी शाळेत शिक्षिका, कुणी नर्स म्हणून नोकरी करी. शेजारणी आळीपाळीने एकमेकींची मुलं सांभाळत.

आता यातली मेख बघा. ज्या शाळेचे अहवाल या बायका टाइप करत होत्या, तिच्या दोन वर्षांच्या एमबीएला त्यांना स्वतःला थेट प्रवेश नव्हता. तो मिळाला 1963 साली. त्या वर्षी आठ बायका आल्या. त्याआधी कॉलेजांनी बायकांचा मान केला तो गमतीने. 1950 च्या दशकात अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या बायकांना ‘पीएचटी’ नावाचं प्रमाणपत्र देत. पीएचडीशी यमक जुळवलेलं हे नाव, अर्थ ‘नवऱ्याला पार लावलं’. टाळ्या वाजत. त्या कागदावर नोकरी मात्र मिळत नसे.

पुढे संसार मोडू लागले तेव्हा प्रश्न कोर्टात गेला. न्यू जर्सी राज्यातलं एक जोडपं. आज तिथे बरीच मराठी घरं आहेत. नवरा 1975 साली व्हार्टन या नामांकित संस्थेत एमबीएला गेला. फी माजी सैनिकांच्या सवलतीतून आणि हवाई दलाकडून भागली. सोळा महिने घर बायकोच्या पगारावर चाललं, सुमारे 24,000 डॉलर तिने घातले. पदवी मिळाली आणि काही काळाने घटस्फोट झाला. ती म्हणाली, या पदवीत माझा वाटा आहे.

1982 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पदवी ही जमिनीसारखी मालमत्ता नाही. ती विकता येत नाही, वारसाने देता येत नाही, तिची किंमत करता येत नाही. पण पुढे दोघांचं भलं होईल या भरवशावर एकाने दुसऱ्याच्या शिक्षणासाठी पैसा घातला असेल, तर त्याची भरपाई मागता येते. घरखर्च, फी, प्रवास, सगळं त्यात धरावं. या पोटगीला नावच पडलं ‘परतफेडीची पोटगी’. हा निकाल पैशाच्या मदतीपुरता होता. रात्री टाइप केलेली पानं, अभ्यास व्हावा म्हणून मुलांना बाहेर फिरवलेले तास त्या हिशोबात बसले नाहीत.

आजही आपल्याकडच्या कितीतरी मुली नवऱ्याच्या शिक्षणासाठी अमेरिकेत जातात. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-2 नावाचा व्हिसा मिळतो. त्यावर पगाराची नोकरी करता येत नाही, पूर्णवेळ पदवीचं शिक्षणही घेता येत नाही. इथे कमावणारी मुलगी तिथे स्वयंपाकघरात अडकते. लग्न ठरवताना मुलाचा पगार सगळे विचारतात, हा व्हिसा कुणी विचारत नाही. तुमच्या नात्यात असं स्थळ आलं तर जरूर विचारा.

आणि आपल्या गटासाठी एक सुचवते. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते कोण भरतं हे वहीत असतंच. त्याशेजारी आणखी एक ओळ लिहा: त्या काळात घर कुणाच्या कमाईवर चाललं, किती महिने. खाली तारीख टाका आणि घरातल्या दोघांच्या सह्या घ्या. भांडणासाठी नाही. नवरा किंवा मुलगा शिकून कमावता झाला की पुढची पाळी कुणाच्या शिक्षणाची, हे ठरवताना ती ओळ वाचून दाखवायला उपयोगी पडेल.