दळणचाचणीची नोंद

प्रयोगशाळेतील चक्कीत एखादा पदार्थ किती बारीक होतो किंवा त्याला किती ऊर्जा लागते, हे मोजताना चाचणी कोणत्या परिस्थितीत झाली याचे टिपण. 'दोन तासांत बारीक भुकटी' एवढ्यावरून दुसऱ्या प्रयोगशाळेला तीच चाचणी करून पाहता येत नाही.

खनिजांसाठी फ्रेड बॉन्ड यांची चाचणी रूढ आहे. तिच्यात ३०५ मिमी व्यासाचे व तेवढ्याच लांबीचे पिंप, सुमारे २०.१ किलो वजनाचे २८५ पोलादी गोळे आणि मिनिटाला ७० फेरे हे आधीच ठरलेले असते. जुन्नर परिसरातल्या काळ्या दगडाला ती चालते. चिवट, तंतुमय मालाला मात्र तिचा आधार घेऊ नये.

जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबे गोळा करतात तो बाळहिरडा हे अशा मालाचे चांगले उदाहरण. आठळी धरण्याआधीची ही वाळवलेली फळे. पक्का हिरडा दळला तर आठळी काढली होती की नाही, हे लिहिणे अटळ, कारण ती गरापेक्षा कितीतरी कठीण असते. ओलावा दळण्याआधी आणि नंतरही मोजावा. पावसाळ्यात घाटमाथ्यावर उघडी राहिलेली भुकटी हवेतले पाणी धरते आणि चाळणीवर गोळा होते.

सर्वांत जास्त राहून जाते ती गोळ्यांच्या धातूची नोंद. हिरड्यातले टॅनिन ओल असताना लोखंडाशी संयोग पावून काळे पडते. हिरडा आणि लोखंड यांपासून पूर्वी शाई होत असे ती याच गुणामुळे. साध्या पोलादाच्या गोळ्यांनी काळवंडलेली भुकटी पाहून मालच खराब ठरवला, तर दोष हिरड्याचा नव्हे. चिनीमातीचे की गंजरोधक पोलादाचे गोळे, हे म्हणूनच लिहावे.

वेग नुसत्या फेऱ्यांत सांगून भागत नाही. गोळे पिंपाच्या भिंतीला चिकटून फिरू लागतात तो क्रांतिक वेग व्यासावर ठरतो: ३०० मिमी पिंप व २५ मिमी गोळे असतील, तर मिनिटाला सुमारे ८१ फेरे. चाचणीचा वेग त्याच्या किती टक्के होता, हे द्यावे. सोबत पिंपाचा किती भाग गोळ्यांनी भरला होता, मालाचे वजन, वेळ आणि दळण संपतानाचे तापमान.

चाळणीचे भोक मायक्रॉनमध्ये द्यावे. १८० मायक्रॉनची चाळणी ब्रिटिश मालिकेत ८५ क्रमांकाची असते, अमेरिकी मालिकेत ८०.