बिल्ल्यावरचा मुकुट, पलटणीचा आकडा आणि पेण-रोह्याचे शिपाई

१/
कोकणातील अनेक घरांत पूर्वजांचा लष्करी बिल्ला जपलेला असतो. ‘इंग्रजांच्या पलटणीतला’ एवढीच त्याची ओळख उरलेली असते. पेण आणि रोहा हे तालुके ज्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात होते, तेथून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबई फौजेत गेली. त्यांच्या बिल्ल्यांचा काळ बहुधा त्या धातूवरूनच वाचता येतो.

२/
प्रथम मुकुट पाहावा. राणी व्हिक्टोरियाच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या दिसतात. १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी उंच व गोलाकार आहेत. १९५० मध्ये प्रजासत्ताक आले, मुकुट गेला आणि त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. मुकुटावरून साच्याचा काळ कळतो. शिपायाच्या भरतीचे वर्ष कळत नाही.

३/
त्यानंतर आकडा. १९०३ मध्ये लॉर्ड किचनेरच्या फेररचनेत मुंबईच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले. तिसरी पलटण ‘१०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ झाली, पाचवी १०५ वी. म्हणून खांद्यावरच्या पितळी अक्षरांत १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ यांपैकी आकडा आणि मराठा नाव असेल, तर ती वस्तू १९०३ ते १९२२ या काळातील समजावी.

४/
१९२२ मध्ये या सहा पलटणी ‘५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ या एकाच रेजिमेंटमध्ये आल्या. १९४५ मध्ये नावातला ५ गळला. जुन्या बिल्ल्यांवर ‘मराठा’ हा शब्द इंग्रजीत दोन ‘टी’ घालून लिहिलेला असे. आजचे स्पेलिंग स्वातंत्र्यानंतरचे. बिगुल हे लाइट इन्फन्ट्रीचे चिन्ह खरे. पण रायफल पलटणीही ते वापरत, म्हणून केवळ बिगुलावरून निर्णय करू नये.

५/
बाजारात नकलाही पुष्कळ. ठशाने उठवलेल्या अस्सल बिल्ल्याची अक्षरे रेखीव असतात. ओतीव नकलेच्या कडा बोथट आणि पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा असतो. अडकवण्याच्या कड्यांची झीजही समोरच्या बाजूच्या झिजेशी जुळली पाहिजे.

६/
आता मूळ प्रश्न. आकड्याच्या जोडीला जातिवाचक नाव कोठून आले? १८५७ नंतर, विशेषतः १८९० च्या दशकात, सैन्याची रचना जातवार कंपन्यांवर आधारली गेली. ‘कोकणी मराठा’ हा भरतीचा स्वतंत्र वर्ग ठरला. १९१६ मध्ये कूत-अल-अमारा येथे शरण गेलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या.

७/
याच रचनेने इतरांची वाट अडवली. पेण, रोहा, अष्टमी परिसरातील बेने इस्राएल, म्हणजे गावकऱ्यांचे ‘शनिवार तेली’, अठराव्या शतकापासून मुंबई फौजेत होते. त्यांच्यातून अनेक देशी अधिकारी निघाले. कंपनीच्या फौजेतील सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. परंतु स्वतंत्र कंपनी भरण्याइतका हा समाज मोठा नव्हता. बढतीची वाट खुंटली आणि पेणकर, रोहेकर घराण्यांतील तरुण कचेऱ्या व रेल्वेच्या नोकऱ्यांकडे वळले.

८/
महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज केला. १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. म्हणून तिच्या नावाची खूण अत्यंत अल्प काळाची. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

९/
म्हणजे बिल्ल्यावरचे ‘मराठा’ किंवा ‘महार’ हे नाव केवळ ओळख नव्हे. कोणाला दार उघडे होते, याची ती नोंद आहे. ज्यांच्या नावाचा बिल्लाच कधी पडला नाही, त्यांची सेवा त्यावर शोधून सापडणार नाही.

१०/
ती पदकाच्या कडेवर शोधावी. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. जुन्या कागदांत मात्र ‘रायगड’ शोधू नये. जिल्ह्याला ते नाव १९८१ मध्ये मिळाले. शोध ‘कुलाबा’ या नावाने घ्यावा. आणि पितळ घासून चकचकीत करू नये: पॉलिशबरोबर आकडा जातो आणि आकड्याबरोबर माणूस.