पानातलं संस्थान

आजचा विषय जरा रुक्ष आहे, पण जालन्याच्या माणसाला तो इतरांपेक्षा लवकर कळावा असा माझा कयास आहे. एका वेब पानाच्या आत दुसरं पान बसवायची जी चौकट असते, तिला आयफ्रेम म्हणतात. बातमीच्या मधोमध दिसणारा नकाशा, कोपऱ्यातली जाहिरात, पैसे भरताना मध्येच उघडणारा बँकेचा डबा, हे बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं पान असतं. आपल्या पानात राहतं, पण आपलं नसतं.

नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीने 1996 मध्ये दोन गोष्टी एकदम आणल्या. पान कापून त्याच्या फ्रेम्स करायची सोय आणि जावास्क्रिप्ट. दोन्ही एकत्र आल्यावर प्रश्न पडणारच की एका फ्रेममधल्या प्रोग्रामने शेजारच्या फ्रेममधलं वाचावं का? शेजारी बँकेचं पान असेल तर? त्यातून नियम निघाला तो असा, की ज्याचं मूळ एक, म्हणजे पत्ता, प्रोटोकॉल आणि पोर्ट सारखे, त्यांनीच एकमेकांच्या घरात जावं. बाकीच्यांनी बाहेरून नुसतं पाहावं. आयफ्रेमला डिसेंबर 1997 च्या एचटीएमएल 4 मध्ये अधिकृत जागा मिळाली. पुढे एचटीएमएल 5 ने जुने फ्रेमसेट हद्दपार केले, आयफ्रेम मात्र ठेवली. ती सगळ्यांना लागत होती.

आता जालन्याकडे येतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. चारी बाजूंनी इंग्रजी मुलूख आणि मध्ये स्वतःची जकात, स्वतःचं टपाल, स्वतःचं नाणं असलेलं संस्थान. पानातलं पान म्हणतात ते हेच! त्यातही गंमत अशी की या संस्थानाच्या आत, खुद्द जालन्यात, हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. या फौजेचा खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा. तो खर्च थकला म्हणून 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावं लागलं. आपल्या पानात जाहिरातीची चौकट बसवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मेमरी तुमची, वेळ तुमच्या वाचकाचा, आणि आत काय चालावं ते ठरवणार तिसराच.

नाण्याचं तर विचारूच नका. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा हिशेब होता. दोन्ही चांदीचे, दोन्हींना रुपयाच म्हणत, पण सरहद्द ओलांडली की बट्टा आलाच. माझ्या आजोबांच्या डब्यात असा एक हाली रुपया होता, लहानपणी मी तो खोटा समजत असे. पुढे मी प्रोग्रामिंग करायला लागलो आणि हाच प्रकार तिथे भेटला. आयफ्रेममध्ये तयार झालेली यादी, म्हणजे ॲरे, बाहेर आणली आणि विचारलं, 'ही ॲरेची वंशज आहे का?', तर उत्तर 'नाही'. कारण प्रत्येक चौकटीची टांकसाळ वेगळी. 2009 मध्ये जावास्क्रिप्टच्या नव्या प्रमाणात ॲरे ओळखायची स्वतंत्र सोय आली, ती या बट्ट्यावरचाच तोडगा.

सध्या माझं काम याच हद्दीवर चालतं. रिॲक्टमध्ये बनवलेले घटक आयफ्रेमच्या आत दाखवायचे. सोळाव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून, पोर्टल नावाची सोय आहे, तिने चौकटीच्या आत घटक रंगवता येतो, अर्थात मूळ एकच असेल तर. घटक आत जातो, पण उघडाबोडका. त्याची स्टाइल बाहेरच्या पानाच्या डोक्यात राहते. तारीख निवडायचं बटण आत दाबावं आणि कॅलेंडर बाहेरच्या पानात भलतीकडेच उघडावं, असंही होतं, कारण लायब्ररी लिहिणाऱ्याने 'डॉक्युमेंट' जगात एकच असतं असं गृहीत धरलेलं असतं. मूळ वेगळं असेल तर घटक आत टाकताच येत नाही, नुसते निरोप पाठवायचे. मनमाडला आपल्या मीटर गेजचा माल उतरवून ब्रॉड गेजच्या डब्यात भरत, तसंच. डबा पुढे जात नसे, आतला माल जाई. हे कटकटीचं खरं, पण त्या खटाटोपामुळेच आत काय शिरतंय ते तपासायला माणूस उभा असतो. निरोप कुणाकडून आला हे न पाहता स्वीकारणारा प्रोग्राम म्हणजे दार उघडं टाकून झोपणं.

बरं, नुसतं पाहू देणंही महागात पडतं. बँकेचं खरं पान पारदर्शक करून खोट्या बटणावर अंथरायचं, की माणूस बक्षिसावर टिचकी मारतो आणि ती लागते बँकेच्या बटणावर. 2008 मध्ये हॅन्सन आणि ग्रॉसमन यांनी याला क्लिकजॅकिंग हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी इंटरनेट एक्सप्लोरर 8 ने, 'मला कुणाच्या चौकटीत बसवू नका' असं पानाला सांगता येईल अशी सोय केली.

पण मोबाइलमधली ॲपे आली आणि गणित बदललं. ॲपच्या पोटात जो न्याहाळक बसवलेला असतो, वेबव्ह्यू, त्यात पत्त्याची पट्टी असेलच असं नाही. आणि त्याच्या आतल्या पानात यजमान ॲप स्वतःचा प्रोग्राम घुसवू शकतं, टंकलेलं वाचू शकतं. चौकटींमधली भिंत शेजाऱ्यासाठी असते, यजमानासाठी नाही. म्हणून तर गूगलने 2016 मध्ये जाहीर केलं की अशा पोटातल्या न्याहाळकातून आमचं लॉगिन चालू देणार नाही.

अंबडला माझा एक चुलतभाऊ आहे, मोसंबीची बाग आहे त्याची. खतं, औषधं, सगळं फोनवरून मागवतो. मध्यंतरी कुठलंसं नवं ॲप दाखवत होता, आतच बँकेचं पान उघडलेलं, वर पत्ता नाही, काही नाही. म्हटलं, दादा, इथे पासवर्ड टाकू नकोस, न्याहाळकात बँकेचा पत्ता लिहून तिथून भर. तो फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "अरे पण पान तर तेच हाय ना?"