वळिवड्याच्या बराकी

1943 चा पावसाळा आहे. तुम्ही वळिवड्याचे. दोन म्हशी, एक पितळी चरवी आणि शेराचं माप, एवढ्यावर तुमचा संसार. पहाटे धार काढून तुम्ही निघता, पण आज कोल्हापूरच्या पेठांकडे वळत नाही. रुळांजवळच्या माळावर नवी गिऱ्हाइकं आली आहेत.

या माळावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं. आता बराकींच्या रांगा लागल्यात: खाली दगडी जोतं, वर कौलं आणि भिंती म्हणाल तर बांबूच्या तट्ट्या. एका खोलीत कुणी खोकलं की तीन घरं जागी व्हावीत. तरी नीट बघा. छावणी म्हटली की एका छताखाली शेकडो माणसं आणि जेवणाची रांग डोळ्यांपुढं येते. इथं प्रत्येक कुटुंबाला आपल्या खोल्या, चूल मांडायला जागा आणि पुढं पडवी आहे. ज्यानं कुणी हा आराखडा केला, त्याला घर म्हणजे काय हे कळत होतं.

कडी वाजवता. दार उघडणारी बाई सोनेरी केसांची, हाडकुळी. मागे दोन पोरं. गडी माणूस दिसत नाही, शेजारीही नाही. पाचेक हजारांच्या या वस्तीत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. धडधाकट पुरुष पोलंडच्या फौजेत आहेत. त्यांतले कित्येक पुढच्या मे महिन्यात इटलीत माँते कसिनोचा डोंगर चढतील. बाई चरवीकडे बोट दाखवून म्हणते, ‘म्लेको’. महिनाभरात तुम्हीही तीच हाळी द्यायला लागता.

तिची हकिकत तुम्हाला तुकड्या-तुकड्यांनी कळते. 1940 च्या फेब्रुवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, स्टालिनच्या शिपायांनी दार ठोठावलं आणि सगळ्यांना मालगाडीत कोंबून सायबेरियाकडे धाडलं. पुढं हिटलर रशियावर उलटला, तेव्हा रशियाला पोलंडशी समझोता करावा लागला आणि ही माणसं सुटली. मग कास्पियन समुद्र ओलांडून इराण, तिथून जहाजानं कराची, कराचीहून रेल्वे आणि शेवटी मिरजेहून निघालेली आपली मीटरगेज गाडी.

रतीबाचे पैसे वेळेवर मिळतात, त्यामुळं हा खर्च करतं कोण, हा प्रश्न तुम्हाला पडतोच. खर्च लंडनमध्ये आसरा घेतलेल्या पोलंडच्या सरकारचा, तोही ब्रिटिशांच्या कर्जातून. म्हणजे जे सरकार स्वतःच निर्वासित, ते आपल्या निर्वासितांना घर देतंय. कोल्हापूर संस्थानचा माळ, हिंदुस्थानातल्या गोऱ्या सरकारचा बंदोबस्त आणि लंडनचा पैसा. असा तिघांचा कारभार असूनही शाळा चालतात, दवाखाना चालतो, रविवारी प्रार्थना होते, पोरं नाटकं बसवतात. बाईनं पडवीपुढं फुलझाडं लावली आहेत. पण एवढं सगळं करून ती घरी जायचे दिवस मोजते आहे.

1945 मध्ये युद्ध संपतं आणि तिचं घरच नाहीसं होतं. याल्टाला तिघा बड्यांनी नकाशावर रेघ ओढली आणि पूर्व पोलंड रशियाला दिला. जुलैत ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. छावणीचा भार मग संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेवर, अन्रावर, आला. 1946 मध्ये जामनगरजवळच्या बालाचडीतली पोलिश मुलंही इथं येतात, तीच ना, ज्यांना नवानगरच्या जामसाहेबांनी सांभाळलं होतं? हो, तीच. पुढच्या दोन वर्षांत वस्ती पांगते: कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, थोडी पोलंडला. तुमचा रतीब सुटतो.

फार दिवस नाही. फाळणीनंतर, 6 जानेवारी 1948 ला, कराचीत दंगल पेटते. तेच कराची, जिथं पोलंडच्या बाया बोटीतून उतरल्या होत्या, तिथंच आता सिंधी कुटुंबं मुंबईच्या बोटीत चढायला धडपडताहेत. त्यांतली काही या माळावर पोहोचतात. त्याच तट्ट्या, तीच कौलं. नाव मात्र नवं, गांधीनगर. मुंबई इलाख्यात निर्वासितांचं सरकारी घर बहुतेक असंच, महायुद्धाच्या उरलेल्या बराकीतलं. कल्याणच्या लष्करी छावणीतही सिंधीच भरले होते. तिथं 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि उल्हासनगर झालं.

तुम्ही पुन्हा चरवी घेऊन जाता. ‘म्लेको’ची सवय मोडून आता ‘खीर’ म्हणायचं. सिंधीत दुधाला तेच म्हणतात. पहिल्याच आठवड्यात तुमच्या लक्षात येतं की पडवीत फुलझाडं नाहीत. तिथं खाटेवर कापडाचे तागे आहेत. घरधनी गठ्ठा पाठीवर टाकून गावोगाव फिरतो, म्हातारी खाटेवर बसून वार मोजते. दुधाचे पैसे उधार, पण तुमच्या पोरीच्या लुगड्याचेही उधारच. या माणसांना परतीचा पत्ता नाही, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.

1954 मध्ये दिल्लीनं विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला. मागं सोडलेल्या मालमत्तेचा ‘क्लेम’ मांडायचा आणि त्या रकमेपोटी इथली सरकारी मालमत्ताही घेता यायची. छावण्यांतली माणसं घरमालक झाली ती या वाटेनं. गांधीनगरची आजची कापडपेठ, जिथं आसपासच्या जिल्ह्यांतली माणसं लग्नाचा बस्ता बांधायला येतात, ती त्या पडवीतल्या खाटेवरून सुरू झाली. सरकारनं फक्त छप्पर दिलं होतं. माझ्या मते एवढंच नीट, वेळेवर आणि कुटुंबाला वेगळं दिलं, तर पुष्कळ झालं.

कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे. वॉर्सातही वळिवडे-कोल्हापूर असं नाव कोरलेलं स्मारक आहे; 21 ऑगस्ट 2024 ला आपल्या पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली. छावणीत वाढलेल्या पोलिश मुलांनी म्हातारपणी लंडनमध्ये बसून आपल्या आठवणींचा जाडजूड ग्रंथही काढला. 1948 मध्ये आठ-दहा वर्षांची असलेली सिंधी मुलं आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत, आणि ती लंडनला नाहीत, कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वही-रेकॉर्डर घेऊन यंदाच तिकडं जावं.