व्हीसीआरची निगा : हेड, बुरशी आणि स्टॅबिलायझर

घरगुती व्हिडिओ यंत्र भारतात आधी आले ते प्रवाशांच्या सामानातून. सोनीने १९७५ साली बेटामॅक्स आणि जेव्हीसीने १९७६ साली व्हीएचएस पद्धतीचे यंत्र जपानमध्ये विक्रीला आणले. सत्तरीचे दशक सरत असताना आखातात नोकरीला गेलेली माणसे सुट्टीवर येताना व्हीसीआर घेऊन येऊ लागली. त्यामुळे कोकणातल्या काही गावांत दूरदर्शनचे चित्र धड दिसत नसतानाही व्हिडिओ पोचलेला होता. मुंबईत शेमारूने १९७९ मध्ये कॅसेट भाड्याने देण्याचा धंदा सुरू केला. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शन रंगीत झाले, त्याच वर्षी दिल्लीत एशियाड भरले, रंगीत संचांच्या आयातीला सवलत मिळाली आणि व्हीसीआर मध्यमवर्गीय घराच्या नजरेच्या टप्प्यात आला. नजरेच्याच; खिशाच्या नव्हे. बहुतेकांनी तो पाहिला तो एका रात्रीच्या भाड्याने.

भाड्याच्या या पद्धतीने यंत्राच्या निगेचे सगळे गणित बदलले. बारसे, वाढदिवस किंवा गणेशोत्सवातली एखादी रात्र ठरली, की दुकानातला मुलगा स्कूटरवर यंत्र, रंगीत टीव्ही आणि तीन-चार कॅसेट घेऊन येई, वायरी जोडून देई आणि सकाळी परत नेई. जपानी कारखान्याने एका कुटुंबाच्या संध्याकाळच्या करमणुकीसाठी बनवलेले यंत्र इथे रात्रभर न थांबता चाले आणि दिवसा रस्त्यावरचे धक्के खाई. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून मुंबईतल्या इमारतींमध्ये एकाच खोलीतल्या व्हीसीआरवरून घराघरांत केबल टाकण्याचा प्रकार सुरू झाला, तेव्हा तर यंत्राला दुपारचीही विश्रांती उरली नाही. वापराची पुस्तिका एव्हाना कुणाकडेच नसे. ती पहिल्या मालकाच्या कपाटात राहिलेली असे. त्यामुळे यंत्र कसे जपावे हे शिकवले ते मेकॅनिकांनी आणि कॅसेट लायब्रऱ्यांनी.

त्यांचे बरेचसे शहाणपण एका भागाभोवती फिरत असे, ते म्हणजे हेड. व्हीएचएस यंत्रात ६२ मिलिमीटर व्यासाचा चकचकीत ड्रम असतो आणि त्याच्या कडेला कसेबसे दिसतील एवढे चुंबकीय हेड बसवलेले असतात. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीत हा ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो. टेप स्वतः सेकंदाला अडीच सेंटिमीटरपेक्षाही कमी सरकते. पण फिरते हेड तिला तिरपे घासत जात असल्याने दोघांमधला सापेक्ष वेग सेकंदाला जवळपास पाच मीटर होतो. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर टेप असते. तिच्यावरच्या लेपाचे कण सुटून हेडच्या सूक्ष्म फटीत बसले, की पडद्यावर मुंग्या येतात. चित्र तिरपे फाटत असेल किंवा त्यात आडवे पट्टे येत असतील, तर आधी ट्रॅकिंगची कळ फिरवून पाहायची असते. तेवढ्याने सुधारले नाही तरच झाकण उघडायचे. उतावळा ग्राहक नेमका उलटा क्रम पाळी.

हेड साफ करणे हे हाताचे कसब होते. मऊ चामड्याचा तुकडा अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला हलकेच टेकवायचा, तो तुकडा स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवायचा. वर-खाली घासले तर हेडचे टोक तुटते आणि मग सगळा ड्रम बदलावा लागतो. कापसाच्या काडीचे तंतू अडकतात, म्हणून जाणता मेकॅनिक ती हेडजवळ नेत नसे; रबरी पिंच रोलर आणि टेपची वाट पुसायला तेवढी वापरी. कोऱ्या कागदाने किंवा करकरीत नोटेने हेड पुसणारेही पुष्कळ होते. तो उपाय लगेच लागू पडे, म्हणूनच पसरला. हेड झिजत असे ते मागाहून. कोरड्या क्लीनिंग कॅसेटचीही तीच गत. तिची टेप खरखरीत असते, त्यामुळे ती वरचेवर फिरवली तर मळाबरोबर हेडही जाते.

सफाईच्या द्रवांमध्ये सर्वांत वाईट होते कार्बन टेट्राक्लोराइड. ते झटकन उडून जाई, मागे डाग ठेवत नसे आणि पेटतही नसे, म्हणून दुरुस्तीच्या दुकानांत त्याची बाटली हाताशी असे. त्याची वाफ यकृताला आणि मूत्रपिंडाला अपाय करते, आणि ही दुकाने बहुधा बिनखिडकीचे गाळे होते. पुढे ते बाजारातून गेले ते ओझोनच्या थराला घातक म्हणून. माँट्रियल करारानुसार २०१० पासून भारतात त्याचा असा वापर बंद झाला. मेकॅनिकच्या तब्येतीचा विचार त्या बंदीच्या मुळाशी नव्हता, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

महाराष्ट्रातल्या हवेने या यंत्राची खरी परीक्षा घेतली. ड्रमवर दमटपणा धरला तर टेप त्याला चिकटते आणि गुंडाळली जाते, म्हणून अनेक यंत्रांत दव ओळखणारा सेन्सर असे. त्याचा दिवा लागला की यंत्र चालायला नकार देई. किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर हा दिवा नित्याचा झाला आणि यंत्र बिघडले अशा समजुतीने पुष्कळ घरांनी दुकान गाठले. उपाय साधा होता. यंत्र नुसते चालू ठेवून तास-दोन तास गरम होऊ द्यायचे आणि तोवर कॅसेट घालायची नाही. कॅसेटला मात्र बुरशीचा धोका होता. टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड दिसू लागली, की ती कॅसेट यंत्रात घालणे म्हणजे बुरशीचे कण हेडवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर नेणे. लायब्ररीची एक कॅसेट पन्नास घरांत फिरे, तिच्याबरोबर बुरशीही फिरे. काळजी घेणारे लोक कॅसेट पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारखी उभी, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवत, स्पीकरपासून दूर ठेवत आणि वर्षातून एकदा तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घेत. जपायच्या चित्रीकरणावर चुकून दुसरे काही टेप होऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडून टाकायचा असतो. लग्नाच्या कॅसेटवर क्रिकेटचा सामना चढल्याची रड बहुधा हा तुकडा शाबूत राहिल्यामुळेच होती.

विजेचा प्रश्न वेगळा होता. संध्याकाळी भार वाढला की दाब खाली येई, रात्री एकदम चढे, म्हणून टीव्हीबरोबर स्टॅबिलायझर घेणे ओघानेच आले. आखातातून आलेली यंत्रे बहुधा अनेक पद्धती आणि अनेक दाब चालवणारी असत. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली यंत्रे ११० व्होल्टची असत. ती ट्रान्सफॉर्मरशिवाय २३० व्होल्टला जोडली की जळत. तिकडून आलेल्या नातवंडांच्या कॅसेटही एनटीएससी पद्धतीच्या असल्यामुळे इथल्या साध्या यंत्रावर दिसत नसत. गच्चीवरच्या अँटेनाची वायर टीव्हीला जाण्याआधी व्हीसीआरमधून जाई, त्यामुळे वळवाच्या विजा कडाडू लागल्या की नुसते बटण बंद करून भागत नसे; प्लग आणि अँटेना दोन्ही काढावे लागत. शोकेसमध्ये कोंबलेल्या यंत्रावर क्रोशाचा रुमाल घालणे ही घरोघरची हौस होती. त्याने हवेच्या फटी बुजत आणि आतला पुरवठ्याचा भाग तापत राही. प्लग काढल्यावरही त्या भागातल्या कपॅसिटरमध्ये काही काळ तीनशेच्या आसपास व्होल्ट शिल्लक राहू शकतात, आणि रंगीत टीव्हीच्या नळीवर वीस हजारांहून अधिक. घरच्या घरी झाकण उघडणाऱ्यांना मेकॅनिक रागे भरत, त्यात धंद्याचा स्वार्थ असला तरी सांगणे खरे होते.

नव्वदीच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या, त्यापाठोपाठ स्वस्त व्हीसीडी, आणि हेड साफ करणारे मेकॅनिक सेट-टॉप बॉक्स, मग मोबाइलच्या दुरुस्तीकडे वळले. जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, तेव्हा हेड आणि पिंच रोलर जुन्या यंत्रांतूनच काढावे लागत होते. आता व्हीएचएस यंत्राला काम उरले आहे ते लग्नामुंजीच्या कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याचे. त्या कामात पहिली पायरी जुनीच आहे. कॅसेटची पुढची झडप उचलून टेप उजेडात तपासायची, पांढरे दिसले तर ती वेगळी ठेवायची, कोरडी करून हेडपासून दूर, मोकळ्या हवेत आणि तोंडाला मास्क बांधून साफ करायची, एकदा संथपणे पुढे-मागे फिरवायची आणि मगच चालवायची. चिकटपट्टीने जोडलेली तुटकी टेप मात्र तशीच यंत्रात घालायची नसते. साध्या चिकटपट्टीचा डिंक ड्रमला लागतो आणि उरलेल्या हेडांपैकी एक आणखी कमी होते.