चाकाची साक्ष आणि तेलाचा हिशेब

अलीकडच्या मोटारगाडींत चालकासमोरच्या तक्त्यावर एक लहानसा आंकडा सतत दिसत असतो. एका लिटर पेट्रोलांत गाडी किती किलोमीटर धांवली, हें तो सांगतो. बोलण्यांत ज्याला गाडीचें 'ॲव्हरेज' म्हणतात, तें हेंच. घरच्या महिन्याच्या खर्चाचा अंदाज या आंकड्यावर बांधला जातो, गाडी दुरुस्तीस न्यावी कीं नाहीं हें त्यावरून ठरतें, आणि गाडी विकावयाची झाल्यास तिची किंमतहि कांहीं अंशीं त्यावर अवलंबून राहते. परंतु हा आंकडा सांगतो कोण? खुद्द गाडीच. दुकानदार, तराजू आणि हिशेबनीस हे तिन्ही एकच असले म्हणजे गिऱ्हाइकानें जी सावधगिरी बाळगावयाची, तीच येथेंहि बाळगणें अवश्य आहे. या सावधगिरीचा इतिहास मोटारीहून फार जुना असून तो मनोरंजक तितकाच बोधप्रद आहे.

या आंकड्याला दोन बाजू आहेत. एक गाडीनें तोडलेलें अंतर, आणि दुसरी त्यासाठीं जळलेलें तेल. पहिल्यास दुसऱ्यानें भागलें कीं उत्तर मिळतें. भागाकार शाळेंतल्या मुलासहि येतो. अडचण असते ती दोन्ही संख्या खऱ्या मिळण्याची. त्यांपैकीं अंतराची संख्या चाकाकडून वदवून घेण्याचा उपाय मानवाला दोन हजार वर्षांपूर्वींच सुचला होता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांतील रोमन स्थापत्यकार व्हिट्रूव्हिअस यानें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागांत अशा एका रथाचें वर्णन केलें आहे. चाकाचा घेर साडेबारा फूट असला, तर त्याचे ४०० फेरे म्हणजे ५,००० फूट, आणि तोच रोमन मैल. दांतेरी चाकांच्या योजनेनें प्रत्येक मैलास एक खडा धातूच्या पात्रांत पडे. मुक्कामीं पोंचल्यावर खडे मोजले कीं किती मैल झाले तें कळे. चिनी इतिहासग्रंथांतहि अशाच एका गाडीचा उल्लेख आहे. 'ली' या मापाचें एक अंतर पुरें होतांच तिजवरील लांकडी बाहुला नगारा वाजवी.

चाक मोजणें आणि नुसता अदमास करणें यांत किती अंतर पडतें, याचें उत्तम उदाहरण अमेरिकेच्या इतिहासांत सांपडतें. १८४७ सालीं मॉर्मन पंथाच्या लोकांची पहिली तुकडी गाड्यांचा तांडा घेऊन पश्चिमेकडील ओसाड प्रदेश ओलांडीत होती. त्या तांड्यांत विल्यम क्लेटन नांवाचा एक लेखनिक होता. दिवसाची मजल किती झाली याविषयीं मंडळींत मतभेद होत, आणि लोकांचे अंदाज फुगलेले आहेत असें क्लेटनला वाटे. त्यानें एका गाडीच्या चाकाचा घेर मोजला. तो १४ फूट ८ इंच भरला, म्हणजे बरोबर ३६० फेऱ्यांचा एक मैल. मग चाकाला तांबड्या कापडाची चिंधी बांधून ८ मे रोजीं तो दिवसभर गाडीच्या बाजूनें चालला आणि चिंधी किती वेळां वर येते तें मोजीत राहिला. फेरे भरले ४,०७०, म्हणजे सव्वाअकरा मैलांहून किंचित् अधिक. त्याच दिवसाची मजल कोणी १३, तर कोणी १४ मैल सांगत होते.

पुढें ऑर्सन प्रॅट याच्या योजनेवरून ॲपल्टन हार्मन यानें लांकडी दांत्यांचें मोजणीयंत्र तयार केलें, आणि चाकाचे फेरे मोजण्याच्या कामांतून क्लेटनची सुटका झाली. या मोजणीच्या आधारावर त्यानें १८४८ सालीं एक मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केलें. मागून येणाऱ्या कुटुंबांना पुढचें पाणी व चारा किती मैलांवर आहे, हें त्यावरून कळूं लागलें. ज्या मुलखांत थकलेल्या जनावरांना दोन मैलांचा फरकहि जड जावा, तेथें या अचूकपणाचें मोल निराळें सांगावयास नको.

तथापि चाकाची साक्षहि निर्दोष नव्हे. हिंदुस्थानांत अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्रज मोजणीदार रस्ते मोजण्यासाठीं हातानें ढकलावयाचें चाक वापरीत. खांचखळग्यांतून जातांना हें चाक चढउताराची लांबीहि मोजी, आणि त्यामुळें दोन गांवांमधील अंतर प्रत्यक्षाहून अधिक भरे. १८०२ सालीं विल्यम लॅम्ब्टन यानें मद्रासनजीक पोलादी साखळीनें पायारेषा मोजून त्रिकोणमितीच्या मोजणीस आरंभ केला, तेव्हां चाकाच्या मापास पारखून घेणारा अधिक भरवशाचा साक्षीदार मिळाला. येथेंच या सर्व इतिहासाचें सूत्र हातीं येतें. कोणतेंहि यंत्र स्वतःची परीक्षा स्वतः घेऊं शकत नाहीं. त्याला बाहेरचें, त्याच्यावर अवलंबून नसलेलें माप लावावें लागतें.

मोटारींचें युग आलें तेव्हां अंतराच्या जोडीस तेलाचा हिशेबहि आला. १९३६ सालीं अमेरिकेंत लॉस एंजेलिसपासून योसेमिटीच्या दरीपर्यंत काटकसरीनें गाडी चालविण्याची एक शर्यत सुरू झाली. सर्वांत पुढें कोण जातो याला तीत महत्त्व नव्हतें. सर्वांत कमी तेल कोण जाळतो, हें पाहावयाचें होतें. महायुद्धाच्या काळांत पडलेला खंड सोडल्यास ही शर्यत निरनिराळ्या मार्गांनीं १९६८ पर्यंत चालली. १९३९ सालीं शेल कंपनीच्या इलिनॉय प्रांतांतील शास्त्रज्ञांमध्यें अशीच एक पैज लागली. ती जिंकणाऱ्या रॉबर्ट ग्रीनशील्ड्सनें एका अमेरिकन गॅलनांत ४९.७३ मैलांची मजल मारली. आजच्या भाषेंत लिटरला सुमारें २१ किलोमीटर. अशा चढाओढींत आंकडा खरा मानला जाई, तो तेल आणि अंतर यांची मोजणी चालकाच्या शब्दावर सोंपविलेली नसे म्हणून.

साध्या गृहस्थाला मात्र असा पंच मिळत नव्हता. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेलाची निर्यात आंखडती घेतली, भाव भडकले, आणि गाडीचा तेलखर्च हा एकाएकीं राष्ट्रीय प्रश्न बनला. अमेरिकेंत १९७५ च्या कायद्यानें विक्रीस ठेवलेल्या नव्या गाडीवर तेलखर्चाची चिठ्ठी लावणें सक्तीचें झालें. चिठ्ठीवरील आंकडे प्रयोगशाळेंत, फिरत्या रुळांवर गाडी चालवून काढलेले असत. रस्त्यावर ते पदरांत पडत नाहींत अशी लोकांची तक्रार सुरू झाली, आणि ती तक्रार खरी ठरली. १९८५ च्या गाड्यांपासून शहरांतला आंकडा शेंकडा १० नें आणि महामार्गावरचा शेंकडा २२ नें उतरवून छापण्यांत येऊं लागला. पुढें २००८ च्या गाड्यांपासून जलद वेग, कडक थंडी आणि वातानुकूलन यांचाहि परीक्षेंत समावेश झाला. सामान्य चालकांनीं आपापल्या वहींत टिपलेल्या नोंदींपुढें सरकारी आंकड्याला नमावें लागलें, असा याचा अर्थ.

याच सुमारास गाडीच्या आंत एक नवा हिशेबनीस येऊन बसला. १९७८ सालीं कॅडिलॅक सेव्हिल या गाडींत गणकयंत्राची सोय मिळूं लागली, आणि तेलखर्चाची सरासरी चालकासमोर अंकांत उमटूं लागली. हें यंत्र तेल मोजतें कसें, हें समजून घेण्याजोगें आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत तेलाच्या नळीवर मापक बसविलेला नसतो. इंजिनांत तेल फवारणारी झडप किती क्षण उघडी राहिली, हें यंत्रास ठाऊक असतें. त्यावरून किती तेल गेलें असावें याचें तें गणित मांडतें. अंतरासाठीं तें चाकाचे फेरे मोजतें. म्हणजे क्लेटनच्या चिंधीचीच ही सुधारलेली आवृत्ति. झडपेंत मळ सांचला, तेलाचा दाब बदलला अथवा कारखान्यांत धरलेलें प्रमाण थोडें उदार असलें, तर तेलाचा हिशेब चुकतो. टायर झिजला तर चाकाचा घेर घटतो आणि तेवढ्याच रस्त्यास अधिक फेरे भरतात. नव्या टायरची नक्षी सुमारें ८ मिलिमीटर खोल असते. ती झिजत दीड मिलिमीटरवर आली, तर सामान्य आकाराच्या चाकावर एवढ्यानेंच अंतर शेंकडा दोन जास्त दिसतें.

अशा चुका निरुपद्रवी असतात. मुद्दाम केलेल्यांची गोष्ट निराळी. जपानमध्यें मित्सुबिशी कंपनी निस्सानसाठीं लहान गाड्या तयार करून देत असे. नव्या गाडीची आंखणी चालू असतां निस्साननें स्वतः मापें घेतलीं, आणि मित्सुबिशीनें दिलेल्या आंकड्यांशीं तीं जुळेनात. या विचारणेंतून एप्रिल २०१६ मध्यें मित्सुबिशीनें कबूल केलें कीं, सुमारें ६,२५,००० गाड्यांच्या तेलखर्चाची माहिती अयोग्य रीतीनें चांगली दाखविण्यांत आली होती. त्यापूर्वीं अमेरिकेंत ह्युंदाई व किआ या कंपन्यांना आपल्या अनेक गाड्यांचे जाहीर आंकडे २०१२ सालीं कमी करावे लागले होते, आणि २०१४ सालीं १० कोटि डॉलरांचा दंड त्यांनीं मान्य केला. मित्सुबिशीच्या प्रकरणांतील बोध स्पष्ट आहे. चूक उघडकीस आली ती कागदपत्रें वाचून नव्हे, तर दुसऱ्यानें आपल्या हातानें पुन्हां मोजलें म्हणून.

युरोपनें या अनुभवावरून एक निराळी वाट धरली. १ जानेवारी २०२१ पासून तेथें नोंदल्या जाणाऱ्या पेट्रोल व डिझेलच्या नव्या मोटारींत तेलखर्च टिपून ठेवणारें साधन असणें बंधनकारक झालें, आणि परीक्षेच्या वेळीं त्याची चूक शेंकडा ५ च्या आंत असावी असा नियम झाला. गाड्यांनीं स्वतः टिपलेली ही माहिती गोळा करून २०२४ सालीं युरोपीय आयोगानें अहवाल दिला. साध्या पेट्रोल व डिझेल गाड्यांचा रस्त्यावरचा खर्च प्रयोगशाळेंतल्या आंकड्याहून सुमारें शेंकडा २० अधिक निघाला. बाहेरून विजेवर भारतां येणाऱ्या, पण पेट्रोलवरहि चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतींत धुराचें प्रमाण सरासरी साडेतीन पट भरलें. कारण लोक त्या विजेवर अपेक्षेइतक्या चालवीतच नव्हते.

आपल्याकडे पुणें येथें १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था गाड्यांची अशी परीक्षा घेते, आणि जाहिरातींतून झळकणारा आंकडा अशा ठराविक पद्धतीच्या परीक्षेंतला असतो. दोन गाड्यांची तुलना करण्यास तो उपयोगी पडतो. परंतु गणपतीच्या दिवसांत गर्दीनें तुंबलेल्या रस्त्यावर आपली गाडी किती तेल पिईल, हें तो सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं घरचीच परीक्षा हवी, आणि ती अवघड नाहीं.

पंपाची नळी आपोआप थांबेपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरांचा आंकडा टिपावा, आणि पुढच्या प्रत्येक खेपेस तशीच टाकी भरून लिटर लिहून ठेवावे. नळी नेमकी कोठें थांबते यांत अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. ३० लिटरांच्या एकाच खेपेंत ही चूक शेंकडा दीडहून अधिक होते. पण पांच खेपा एकत्र धरल्यास मधल्या चुका एकमेकींस खाऊन टाकतात, आणि १५० लिटरांवर ती नगण्य ठरते. सरासरींची सरासरी काढूं नये. एकूण किलोमीटरांस एकूण लिटरांनीं भागावें. समजा, १५० लिटरांत २,४०० किलोमीटर झाले, तर उत्तर १६ येतें. तक्ता १७ सांगत असेल, तर तो शेंकडा सहानें फुशारकी मारतो असें समजावें.

एवढ्यानेंहि परीक्षा पुरी होत नाहीं, कारण यांतले किलोमीटर पुन्हां गाडीनेंच सांगितलेले असतात. म्हणून महामार्गावरील किलोमीटरचे दगड मोजून पन्नासएक किलोमीटरांचा पडताळा एकदां घ्यावा. तेलाच्या मापाविषयीं शंका असल्यास पंपावर ठेवलेलें, वजनमापें खात्याचा शिक्का असलेलें पांच लिटरांचें माप मागण्याचा ग्राहकास हक्क आहे. पांच लिटरांस २५ मिलिलिटरांहून अधिक तूट चालत नाहीं.

दगड, शिक्क्याचें माप आणि घरची वही, हे तिन्ही साक्षीदार गाडीच्या बाहेरचे आहेत. त्यांचें महत्त्व त्यांतच आहे. तक्त्यावरचा आंकडा त्यामुळें निरुपयोगी ठरत नाहीं. तो किती चुकतो हें एकदां कळलें, म्हणजे तेवढी वजावट करून तो निश्चिंतपणें वापरतां येतो, आणि पुढें कधीं तो अचानक बदलला तर गाडींत कांहीं बिघाड झाला हेंहि त्यावरून लौकर लक्षांत येतें. क्लेटनच्या तांड्यांतले लोक खोटें बोलत नव्हते. ते थकले होते, आणि थकलेल्याला वाट लांब वाटते. तसेंच आपल्या नव्या गाडीचें कौतुक असलेल्याला तक्त्यावरचा आंकडा खरा वाटतो. दोघांच्याहि समजुतीला मोजणीचा आधार द्यावा लागतो, आणि तो देण्यास चिंधीएवढें साधें साधन आणि थोडी चिकाटी पुरेशी होते.